वनरक्षकाचं काम मुलांना कसं दाखवावं?

मराठवाड्यात जंगल कमी, त्यामुळे जंगलखात्यातली नोकरी म्हणजे चंद्रपूर-मेळघाटकडच्या पोरांची, असं आपल्याकडे घरोघरी धरून चालतात. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी मुलं गावोगावी दिसतात. पण आपल्याच तालुक्यात वनरक्षक असतो आणि तो दिवसभर काय करतो, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. जाहिरात निघाली की ती मुलं तिकडेही अर्ज भरतात, कारण तीही सरकारी नोकरी आणि तिथंही खाकी. रुजू झाल्यावर कळतं, की हे काम मुख्यतः उन्हात चालण्याचं, माणसांशी बोलण्याचं आणि पाहिलेलं लिहून ठेवण्याचं आहे. ज्याला ते आवडतं तो रमतो. ज्याला नाही आवडत तो बदलीच्या मागे लागतो.

आवडतं की नाही, हे दहा-बारा वर्षांच्या वयातही चाचपून पाहता येतं. त्यासाठी ताडोब्याची सहल काढावी लागत नाही. हा लेख पालकांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजी-बाईंसाठी आहे आणि ज्यांच्या घरात प्राण्या-पक्ष्यांमागे वेडं झालेलं एखादं लेकरू आहे त्यांच्यासाठी आहे.

आधी स्वतः समजून घ्या

मुलं प्रश्न विचारणार, तेव्हा खात्याची उतरंड आपल्याला पाठ हवी. जंगलाचा सगळ्यात लहान हिस्सा म्हणजे नियतक्षेत्र. बोलताना सगळे त्याला बीट म्हणतात. बीटाची जबाबदारी वनरक्षकाची, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘गार्ड’ची. काही बीटं मिळून एक राउंड होतो, तो वनपालाकडे. राउंड मिळून वनपरिक्षेत्र होतं, त्याचा प्रमुख वनक्षेत्रपाल. आरएफओ किंवा रेंजरसाहेब म्हणतात ते हेच. त्यांच्या वर सहायक वनसंरक्षक आणि उपवनसंरक्षक. गार्डाच्या सोबतीला वनमजूर असतात, आणि बीटातली पायवाट न् पायवाट बहुधा त्यांनाच जास्त माहीत असते. मुलांची ओळख त्यांच्याशीही करून द्या.

आता काम. गस्त घालणं, लाकूडतोड आणि शिकार रोखणं, गुन्हा नोंदवणं, रोपवन सांभाळणं, वणवा विझवणं, पिकाच्या किंवा जनावराच्या नुकसानीचा पंचनामा करणं, विहिरीत पडलेला प्राणी बाहेर काढणं, आणि उन्हाळ्यात पाणवठ्यात टँकरने पाणी सोडणं. हे शेवटचं आपल्या मुलांना लगेच कळतं. गावाला टँकर लागतो तसा रानातल्या जनावरांनाही लागतो, एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न तीच विचारतात.

जवळची जागा निवडा

कन्नड, सिल्लोड, छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला असाल तर गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. सुमारे 260 चौरस किलोमीटरचं, 1986 साली जाहीर झालेलं. पितळखोऱ्याची लेणी याच परिसरात आहेत, त्यामुळे इतिहासाची आणि जंगलाची सहल एकत्र जमते. पैठणला जायकवाडीचं पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात नाथसागराच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे असतात, परदेशी बदकं उतरतात. बीडकरांना पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य जवळ पडतं. धाराशिवकडच्यांना येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य आहे. देवदर्शनाला सगळे जातातच, त्या दिवशी गार्डाला भेटायलाही जा. नांदेडमध्ये किनवटचा सागाचा पट्टा आणि पैनगंगेचं खोरं म्हणजे आपल्या विभागातलं खरं घनदाट जंगल.

लातूर, परभणी, जालना, हिंगोलीच्या मंडळींनी खट्टू होऊ नये. माळरान हेही रानच आहे. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड हे सगळे उघड्या माळावरचे रहिवासी. दाट झाडीत त्यांना नेऊन सोडलं तर ते तिथं राहायचे नाहीत. गावाचं गायरान, पाझर तलाव, सामाजिक वनीकरणाची रोपवाटिका इथूनही सुरुवात होते. माझं तर मत असं, की पहिली भेट अभयारण्यात नकोच. मुलांनी आधी रोज दिसणाऱ्या माळाकडे नीट पाहायला शिकावं.

एक गोष्ट मात्र मुलांना आवर्जून सांगा. 2021 साली टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक वाघ गौताळ्यात पोहोचला. 2024 च्या डिसेंबरात आणखी एक वाघ येडशीच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला, तोही टिपेश्वरकडचाच. टिपेश्वर यवतमाळ जिल्ह्यात. भिंतीवर नकाशा लावा आणि तिथून कन्नडपर्यंत, येडशीपर्यंत बोट फिरवायला लावा. मध्ये किती गावं, किती महामार्ग, किती कापसाची न् उसाची शेतं येतात ते मुलांनाच मोजू द्या. आपल्या भागातल्या गार्डाचं काम का मोठं आहे, ते या नकाशावर दिसतं. वाघ इथं राहायला आला नाही तरी इथून जातो, आणि जाताना त्याला कुणी त्रास देऊ नये आणि त्याचा कुणाला त्रास होऊ नये, हे पाहणारा माणूस इथलाच असतो.

परवानगी आणि भेट

वनपरिक्षेत्र कार्यालय बहुतेक वेळा तालुक्याच्या गावी असतं. तिथं लेखी अर्ज द्या. शाळेचं नाव, इयत्ता, मुलांची संख्या, सोबत येणारी मोठी माणसं, तारीख आणि ‘वनरक्षकाच्या कामाची माहिती घेणे’ हा उद्देश, एवढं पुरे. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं कायद्याला धरून नाही. अर्ज का करायचा, हेही मुलांना सांगा. पाचवीच्या वरची मुलं असतील तर अर्ज त्यांनाच लिहू द्या. मराठीच्या तासाला पत्रलेखन शिकवतोच आपण.

फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आगीचा हंगाम असतो. त्या दिवसांत गार्डाला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि ऊनही लेकरांना सोसवत नाही. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ उत्तम. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो, खात्यालाही शाळा हव्याच असतात, त्यामुळे अर्ज सप्टेंबरातच द्या. 31 जुलैला जगभर रेंजर दिन पाळतात. त्या दिवशी गार्डाला शाळेत बोलावणं सोपं जातं, पावसामुळे वणव्याची धास्ती नसते.

भेटीला निघताना मळकट किंवा फिकट रंगाचे कपडे, पूर्ण बाह्या, बूट, टोपी, पाणी, दशम्या आणि वही-पेन्सिल. स्पीकर नको, वेफर्सची पाकिटं नकोत, भडक लाल-पिवळं नको. माकडांना खाऊ घालायचं नाही, हे निघण्याआधीच ठरवून घ्या. येडशीला गेलात तर हा नियम पाळणं अवघड जाईल, तरी पाळा. पंचवीस-तीस मुलांची एक लांबलचक रांग काढू नका. आठ-दहा जणांचे गट केले तरच गार्डाचा आवाज शेवटच्या मुलापर्यंत पोहोचतो.

गार्डांना भाषणाची सवय नसते. ‘मार्गदर्शनपर दोन शब्द’ सांगायला उभं केलं की ते अवघडतात आणि झाडे लावा झाडे जगवा सांगून मोकळे होतात. त्यापेक्षा त्यांच्यासोबत चाला आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. रात्री एकटे जाता का? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? गावातल्याच ओळखीच्या माणसाला कुऱ्हाडीसकट पकडावं लागलं तर काय करता? या शेवटच्या प्रश्नावर गार्ड जे बोलतील ते मुलांनी ऐकावं, मध्ये आपण मोठ्यांनी तोंड घालू नये.

जमीन वाचायला शिकवा

प्राणी दिसेलच याची खात्री नसते, खुणा मात्र हमखास सापडतात. मांजरकुळातले प्राणी, म्हणजे बिबट्या, रानमांजर, चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे ठशात नखं उमटत नाहीत. लांडगा, कोल्हा, तरस यांची उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो आणि त्याची विष्ठा वाळली की पांढरी पडते, कारण तो हाडं चावून खातो. नीलगाय, म्हणजे आपली रोही, पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकते, तिथं ढीगच झालेला असतो. कोल्ह्याच्या विष्ठेत बोराच्या बिया दिसतात. सायाळीचा काटा सापडला तर मुलं तो खिशात घालायला बघतात. पाहून, मोजून, चित्र काढून तो जागेवरच ठेवायला सांगा. अभयारण्यातून काही उचलून आणायचं नसतं, पीसही नाही.

ठशाचा साचा काढण्याचा सराव शाळेच्या आवारातच करा, कुत्र्याच्या नाहीतर शेळीच्या पावलावर. ओलसर मातीतला स्वच्छ ठसा निवडा, त्याच्याभोवती पुठ्ठ्याच्या पट्टीचं कडं रोवा. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून दाटसर ताकाइतकं करा, हळूच ओता. अर्धा तास हात लावू नका. मग उचला, वाळू द्या, माती ब्रशने झाडा आणि पाठीमागे तारीख व जागा लिहा. तारीख नसलेला साचा कपाटातली शोभा होऊन बसतो.

नोंदवही

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती वही. पाच रकाने आखा: तारीख आणि वेळ, जागा, काय, किती, आणि ‘पाहिलं की ऐकलं’. हा पाचवा रकाना सोडू नका. 2021 च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून नेतात, ही बातमी देशभर गाजली. दोन माकडं पकडून दूर सोडलीही गेली. पण मेलेल्या पिल्लांचे आकडे तोंडातोंडी फुगत गेले आणि माणसं घाबरली. अशा वेळी गावात जाणाऱ्या वनकर्मचाऱ्याला सगळ्यांत आधी हेच करावं लागतं: तुम्ही स्वतः पाहिलं का, कुठं, कधी, किती? मुलांनी वर्षभर ही वही ठेवली तर ऐकीव आणि पाहिलेलं यांतला फरक त्यांच्या अंगवळणी पडतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास माळावर जाऊन भरायची, एवढंच.

शिकारीच्या किंवा लाकूडतोडीच्या गुन्ह्यातही कागद पक्का नसला तर आरोपी सुटतो. गार्डाने पहिला अहवाल नीट लिहिला, जप्ती नीट दाखवली, पंचांच्या सह्या घेतल्या, तरच पुढं न्यायालयात तो टिकतो. जंगलातली नोकरी म्हणजे अभ्यासापासून सुटका, असं ज्या मुलांना वाटतं त्यांना हे वेळीच कळलेलं बरं.

शेतकऱ्याची बाजू टाळू नका

मराठवाड्यातल्या मुलांशी बोलताना सगळ्यात नाजूक जागा ही आहे, आणि नेमकी तीच बहुतेक कार्यक्रमांत वगळतात. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील रात्री जागलीला जात असतात. हरभऱ्यात हरणांचा कळप शिरला, रोह्यांनी तूर तुडवली, रानडुकरांनी भुईमूग उकरला, हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं, शिव्यांसकट. त्या मुलापुढे ‘प्राणी आपले मित्र’ म्हणून तुम्ही मोकळे झालात तर ते मान हलवेल आणि मनातून तुमच्यावर कायमची फुली मारेल.

म्हणून मुलांना आधी बोलू द्या. कुणाच्या शेतात काय झालं, किती गेलं, वडील काय म्हणाले. मग गार्डाला विचारा की नुकसानभरपाई कशी मिळते. घटना लवकरात लवकर खात्याला कळवावी लागते, अर्ज करावा लागतो, नंतर बांधावर येऊन पंचनामा होतो. सातबारा, बँकेचं पासबुक, फोटो लागतात. भरपाई पुरेशी नसते, उशिरा येते, ही तक्रार गार्डांच्या तोंडावरच होते आणि ती ऐकून घेणं हाही त्यांच्या नोकरीचा भाग आहे. मुलांसमोर हे झाकू नका.

नंतर वर्गात लुटुपुटूचा पंचनामा करा. एक जण शेतकरी, एक वनरक्षक, दोन पंच, एक कृषी सहायक. शेतकऱ्याने रागावून बोलायचं. वनरक्षकाने न चिडता प्रश्न विचारायचे, पीक कुठलं, क्षेत्र किती, ठसे कुणाचे, आणि शेवटी सगळ्यांना वाचून दाखवून सह्या घ्यायच्या. हा खेळ खेळताना काही मुलं चमकतात. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी रागावलेल्या शेतकऱ्याला शांत करून खाली बसवते, तेव्हा आपल्यालाही कळतं की या लेकरात काय आहे.

इथंच तारेच्या कुंपणात वीज सोडण्याचा विषय काढा. डुकरासाठी लावलेल्या तारेला हरीण चिकटतं, बिबट्या चिकटतो आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारीही चिकटतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहेच, माणूस गेला तर त्याहून मोठा. मुलं हे घरी जाऊन सांगतात, आणि बापाला इतर कुणाहीपेक्षा लेकराचं ऐकावं लागतं.

धोका खरा सांगा

2020 च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हा आपल्या भागातल्या किती घरांत लेकरं अंगणात सोडली जात नव्हती. त्या दिवसांत वनकर्मचारी रात्रंदिवस उसाच्या फडांत फिरत होते. 2021 च्या नोव्हेंबरात ताडोब्यात प्राण्यांच्या खुणांची गणना करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सातवी-आठवीच्या मुलांना हे सांगायला हरकत नाही. धाकट्यांना तपशील नकोत, पण ‘काही होत नाही’ असं खोटंही सांगू नका. 11 सप्टेंबर हा राष्ट्रीय वन शहीद दिन आहे. 1730 साली राजस्थानात खेजडीची झाडं वाचवताना 363 बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, त्याची ती आठवण. त्या दिवशी शाळेच्या परिपाठात पाच मिनिटं द्या.

धोक्यासोबत काळजीही शिकवावी. विहिरीत कोल्हा किंवा बिबट्या पडला की बचावाच्या कामात सगळ्यात मोठा अडथळा गर्दीचा असतो. गार्ड दोराला बांधून खाट किंवा शिडी खाली सोडतात, प्राण्याने घाबरून न जाता वर यावं म्हणून भोवती शांतता लागते, आणि कठड्यावर शंभर माणसं मोबाईल घेऊन उभी असतात. मुलांना सांगा: असं काही दिसलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवायचं आणि लांब थांबायचं. सापाच्या बाबतीतही तेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं आणि चित्रं ओळखता यावीत, पण शेपटी धरून फोटो काढणाऱ्याला शूर म्हणू नये. चावा बसलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, सरळ दवाखाना.

मोठ्या मुलांसाठी वाट

दहावीनंतर शाखा निवडताना एक गोष्ट डोक्यात हवी. वनरक्षकासाठी बारावी लागते, आणि बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो. कला शाखेला जाणाऱ्या मुलाने भूगोल किंवा अर्थशास्त्र घेतलं नाही, तर पुढं दार बंद होतं. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीवरही अर्ज करता येतो. हे किनवट-माहूरकडच्या मुलांना मुद्दाम सांगा.

लेखी परीक्षा, उंची-छातीची मोजमापं, धावणं, आणि या खात्याची खास अशी चालण्याची चाचणी. आजवरच्या भरतीत मुलांना पाच आणि मुलींना तीन किलोमीटर धावावं लागलं आहे, शिवाय चार तासांत मुलांनी 25 आणि मुलींनी 16 किलोमीटर चालायचं. अटी भरतीगणिक बदलू शकतात, तेव्हा ताजी जाहिरात वनविभागाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावी. चालण्याचा सराव मात्र आजपासून करता येतो. आठवड्यातून एकदा शेजारच्या गावापर्यंत पायी जाऊन यावं. पोलीस भरतीची मुलं धावण्यात तरबेज असतात, पण पाठीवर पाणी घेऊन चार तास एका लयीत चालणं हे वेगळं अंग आहे.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. जंगलातली नोकरी पोरीला कशी द्यायची, हे अजूनही ऐकू येतं. आज महाराष्ट्रात मोठ्या संख्येने महिला वनरक्षक बीट सांभाळतात, बाळंतपणानंतर पुन्हा गस्तीवर जातात. जमलं तर भेटीसाठी महिला गार्डच मागून घ्या. आईवडिलांच्या शंका त्यांच्याशी बोलल्यावर जितक्या फिटतात तितक्या आपल्या सांगण्याने फिटत नाहीत. त्यांना निवासस्थानाची, स्वच्छतागृहाची, रात्रीच्या गस्तीची अडचण विचारा. त्या खरं सांगतात.

पदवी घेणाऱ्यांसाठी वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक ही पदं लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरली जातात. त्यासाठी विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी अशा शाखांची पदवी उपयोगी पडते. परभणीचं कृषी विद्यापीठ आपल्या दाराशी आहे, आणि वनशास्त्राची पदवी दापोली व अकोल्याला मिळते. त्याच्याही वर भारतीय वन सेवा. ती परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो आणि निवड झालेल्यांचं प्रशिक्षण देहरादूनच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत होतं.

भरतीच्या हंगामात ‘साहेबांशी ओळख आहे’ म्हणत पैसे मागणारे गावोगाव फिरतात. अर्जाचं शुल्क संकेतस्थळावरच भरायचं असतं, त्यापलीकडे कुणाला रुपया द्यायचा नाही, हे मुलाच्या आधी त्याच्या मामा-काकांना बजावा. निवड झाली नाही तरी या रानातलं काम संपत नाही. रोपवाटिका चालवणं, पक्षी दाखवणारा वाटाड्या होणं, गावाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीत बसणं, विहिरींना कठडे बांधून घेणं, यातलं पुष्कळसं नोकरीविनाही करता येतं, आणि गार्डांना अशा माणसाची गावागणिक गरज असते.